आठ लायनींचं एक्स्चेंज, तेही घरात

परवा संध्याकाळी मी माडीवर कॉम्प्युटरसमोर बसलेलो आणि शेजारचा काळा फोन वाजला. वाजला म्हणजे खरंच वाजला, दोन पितळी वाट्यांवर हातोडी आपटते ना तो आवाज, टेबलावरचा चहाचा कप थरथरला. उचलला तर खालून माय. "भाकर थंडी व्हई राह्यनी, जेवाले ये." आणि ठेवून दिला. मोबाइलवर तिचे तीन मिस कॉल पडले होते ते मी बघितलेच नव्हते, जिन्यातून हाक मारली असती तर कानात हेडफोन, पण या फोनला काही इलाज नाही, उचलत नाही तोवर तो सोडत नाही.

आता हे प्रकरण काय आहे ते एकदाचं लिहूनच टाकतो, कारण घरी येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो आणि मग मी सुरू झालो की बायको आत निघून जाते.

आमचं घर अमळनेरला, जुनं, पुढचा भाग अजून धाब्याचा, मागचा स्लॅबचा, वर माडी, मागं अंगण आणि अंगणाच्या पलीकडं खळं. खालून वर हाक मारायची म्हणजे गल्लीला ऐकू जाते. मायचे गुडघे गेलेत, तिला जिना चढायचा नाही. नानांना, म्हणजे वडिलांना, कमी ऐकू येतं. मोबाइल सगळ्यांकडं आहेत पण नानांचा कायम चार्जिंगला आणि मायचा कुठंतरी पिठाच्या डब्यामागं, त्यामुळं घरातल्या घरात निरोप द्यायला शेवटी पोरांनाच पळवायचं.

मागच्या दिवाळीला माळा साफ करताना गोणपाटात गुंडाळलेला काळा फोन सापडला. बेकेलाइटचा, दगडासारखा जड, पोटाखाली आयटीआय बेंगळुरूचं नाव. आयटीआय म्हणजे इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज, १९४८ सालची सरकारी कंपनी, आपल्याकडं पूर्वी कुणाच्याही घरी जो फोन दिसायचा तो बहुतेक तिथूनच आलेला. आमच्याकडं हा आला तेव्हा नाना एका जिनिंगवाल्याकडं मुनीम होते, नंबर लावून किती वर्षं वाट बघितली याचा आकडा ते दरवेळी वाढवून सांगतात, आता अकरावर आलाय. पुढं बटणांचा फोन मिळाला तेव्हा हा परत न्यायला कुणी आलंच नाही आणि नानांनीही आठवण करून दिली नाही.

फोन पुसला, रॉकेल नाही बरं का, नुसतं ओलं फडकं आणि नंतर थोडं पॉलिश, आणि असा काही चमकला की बायको म्हणाली हॉलमध्ये ठेवू, शोपीस. तिथंच माझं डोकं सटकलं. शोपीस कशाला? वाजायला पाहिजे तो.

आमची तांब्याची लँडलाइन रस्त्याच्या खोदकामात कधीच मेली, आता फायबर आहे आणि त्याच्या मोडेमला मागं फोनचं भोक आहे. लावला. डायलटोन आला! मोबाइलवरून रिंग दिली तर वाजलाही, जरा मरगळल्यासारखा, पण वाजला. मग मोठ्या थाटात चकती फिरवून मोबाइलचा नंबर लावला, दहाही आकडे, आणि डायलटोन तसाच चालू. त्याला काही कळलंच नाही. परत लावला. तसाच. नाना शेजारी बसून म्हणे, "ट्रंक बुक कर." म्हणजे पूर्वी बाहेरगावचा कॉल ऑपरेटरला सांगून जोडून घ्यायचे तसा.

झालं असं की चकतीचा फोन आकडा 'बोलत' नाही, तो लाइन तोडतो. रिसिव्हर उचलला की दोन वायरींचं सर्किट पूर्ण होतं, करंट वाहायला लागतो. चकती ओढून सोडली की ती परत जाताना आतला एक काटा ते सर्किट तोडतो-जोडतो, १ लावला की एकदा, २ ला दोनदा, ० ला दहादा, सेकंदाला साधारण दहा या वेगानं. समोरचं एक्स्चेंज ते झटके मोजतं. याला पल्स. बटणांचा फोन मात्र प्रत्येक आकड्याला दोन सूर एकदम वाजवतो, तो टोन, अमेरिकेत १९६३ ला आला. आमच्या मोडेमला फक्त सूर कळतात. तुम्ही त्याच्यासमोर दहा हजार वेळा वायर तोडा, ढिम्म.

हे झटके मोजायचं प्रकरण ज्यानं मशीनवर चढवून चालवून दाखवलं तो आल्मन स्ट्रोजर, अमेरिकेत कॅन्सस सिटीत अंत्यविधीचा धंदा करायचा. गोष्ट अशी सांगतात की गावातल्या दुसऱ्या अशाच धंदेवाल्याची बायको टेलिफोन ऑपरेटर होती आणि स्ट्रोजरला येणारे फोन ती नवऱ्याकडं जोडून द्यायची. खरं-खोटं तिलाच माहीत, पण या गड्यानं वैतागून ऑपरेटरच नको असं एक्स्चेंज बनवलं, १८९१ ला पेटंट घेतलं आणि पुढच्याच वर्षी इंडियाना राज्यात ला पोर्ट नावाच्या गावात ते चालू पण झालं. आपल्याकडं पुढं कितीतरी वर्षं याच स्ट्रोजर पद्धतीची एक्स्चेंजं होती, ती आयटीआयनंही बनवली. म्हणजे माझा काळा फोन आणि ते एक्स्चेंज हे एकाच घरातले, मोडेम परका.

म्हणून मग ठरवलं की फोनला त्याची भाषा कळणारं एक्स्चेंज आणून द्यायचं.

हे वाटतं तेवढं अवघड नाहीये. लॉज, दवाखाने, शाळा, पतसंस्था, सगळीकडं भिंतीवर एक पांढरट डबा असायचा आठवतो का, ज्याला सगळे नुसतं 'इंटरकॉम' म्हणायचे? तो ईपीएबीएक्स, म्हणजे एका इमारतीपुरतं छोटं एक्स्चेंज. मोबाइल आल्यावर ते सगळे डबे भंगारात चाललेत. मला जळगावला जुन्या इलेक्ट्रॉनिक सामानाच्या दुकानात एक मिळाला, एक बाहेरची लाइन आणि आठ एक्स्टेन्शन, म्हणजे आतल्या फोनांच्या लायनी, दुकानदारानं तीन हजार सांगितले, मी म्हटलं चालू आहे याची गॅरंटी काय, तो म्हणाला बंद आहे याची तरी काय गॅरंटी. अठराशेत तुटला सौदा.

घेताना एकच गोष्ट बघायची, एक्स्टेन्शनच्या बाजूला पल्स चालतं का. बाहेरच्या लाइनला पल्स आणि आतल्यांना फक्त टोन असेही डबे असतात, ते आपल्या कामाचे नाहीत. मी काळा फोन पिशवीत घालून नेला होता एसटीतून, दुकानातच दोन वायरी जोडल्या, चकतीवर २२ लावलं आणि काउंटरवरचा दुसरा फोन वाजला. दुकानदार पण खूश. त्याच्या दुकानात बहुतेक बऱ्याच वर्षांनी चकती फिरली असेल.

तर आमच्याकडं नंबर २१ ते २८. २१ माय, म्हणजे स्वयंपाकघर. २२ हॉल, नानांची खुर्ची. २३ बेडरूम. २४ माडी. २५ पुढचा ओटा. २६ खळं. २७ आणि २८ तेव्हा मोकळे होते. नंबर ठरवताना मी चांगलं अर्धा तास डोकं लावलं, बायको म्हणाली जसे आहेत तसे दे की, पण चकतीवर फरक पडतो ना. २१ ला तीनच झटके. २८ ला दहा. जुन्या अमेरिकेत १९४७ ला एरिया कोड वाटले तेव्हा न्यूयॉर्कला २१२ दिला तो याचसाठी, जिथं जास्त फोन होणार तिथं बोटाला कमी कष्ट. आपलं जळगाव बघा, ०२५७, चोवीस झटके नुसत्या कोडचे. धुळे ०२५६२, पंचवीस. आमच्या घरात सगळ्यात जास्त फोन स्वयंपाकघराला होणार हे सांगायला टेलिफोन इंजिनिअर लागत नाही.

वायरिंगचं काम मी आणि भाचा दोघांनी मिळून केलं. फोनला दोनच वायरी लागतात आणि चकतीवाल्याला उलट-सुलट काही फरक पडत नाही. इंटरनेटची चार जोड्यांची केबल आणली, एका केबलीत चार फोन गेले. भिंतीवर जुने रोझेट, म्हणजे फोनची वायर जोडायच्या डब्या, होतेच. खळ्यापर्यंत सत्तर-एक मीटर ड्रॉप वायर ओढली, कडुलिंबाच्या झाडाला आधार देऊन, एका माजी लाइनमन काकांनी येऊन ती परत सोडवून परत ताणली कारण माझा झोळ त्यांना बघवेना. जाता जाता म्हणे जमिनीत पुरली असती तर उंदीर, वर आहे तर माकडं, तुमची मर्जी.

आता आतलं बघा. मीटर लावला तर रिसिव्हर खाली असताना लाइनवर सव्वीस-सत्तावीस व्होल्ट. खऱ्या टेलिफोन एक्स्चेंजचे ४८ असायचे. उचलला की सहा-सात व्होल्टपर्यंत उतरतात, एक्स्चेंजला तेवढ्यानंच कळतं की कुणीतरी उचललाय, मग डायलटोन. आणि रिंगच्या वेळी? रिंगच्या वेळी एसी करंट येतो, सत्तर-ऐंशीच्या घरात. हे मला पुस्तकी माहीत होतं. २३ च्या रोझेटमध्ये वायर सोलून दोन्ही टोकं चिमटीत धरली होती आणि खाली भाच्याला वाटलं मामाचं झालं असेल, त्यानं लावला २३. मी काय ओरडलो ते इथं लिहिण्यासारखं नाही. भाच्यानं खालून विचारलं, "मामा, रिंग येतेय का?"

येत होती.

खरी मजा आणि खरी कटकट जुन्या फोनांची. काळा फोन लावल्या लावल्या डब्यावर त्याचा दिवा पेटलेलाच राहायचा, म्हणजे एक्स्चेंजला वाटायचं की रिसिव्हर उचललेलाच आहे, आणि थोड्या वेळानं लाइन बंद. सगळे काटे घासले, क्रेडल, म्हणजे रिसिव्हर ठेवायची जागा, तपासलं, काही नाही. दोन दिवस गेले. शेवटी सापडलं, घंटीच्या कॉइलबरोबर एक कपॅसिटर असतो, त्याचं काम काय तर रिंगचा एसी घंटीला जाऊ द्यायचा आणि डीसी अडवायचा. तो जुना कागदी कपॅसिटर गळका झाला होता, डीसी त्यातूनच वाहत होता. धुळ्याहून पंधरा रुपयांचा नवा आणला, २.२ मायक्रोफॅरड, अडीचशे व्होल्टचा, तो लावला आणि दिवा विझला. पंधरा रुपये. दोन दिवस मी जेवताना पण तोच विचार करत होतो.

मग घंटी. माझ्या डब्यातली रिंग सरळ घरच्या लाइटवरून ट्रान्सफॉर्मरनं काढलेली, म्हणजे ५० हर्ट्झ. खऱ्या एक्स्चेंजची २५ च्या आसपास असायची आणि त्या घंटीची हातोडी तेवढ्याच वेगासाठी बनवलेली, दुप्पट वेगात बिचारी मधल्या मधे थरथरते, वाटीपर्यंत पोचत नाही, खणखणीत वाजायच्या ऐवजी माशी अडकल्यासारखी गुणगुणते. यावर तोडगा फोनमध्येच आहे. पितळी वाट्यांचं स्क्रूचं भोक अगदी मध्यावर नसतं, जरासं बाजूला असतं, त्यामुळं स्क्रू ढिला करून वाटी फिरवली की ती हातोडीच्या जवळ किंवा लांब जाते. केसभर फिरवायची, रिंग द्यायची, परत केसभर. एका बाजूला ठण आणि दुसऱ्या बाजूला टिण असा वेगळा सूर लागतो तेव्हा समजायचं जमलं. मी सकाळी सहाला हे करत होतो. घरातल्यांनी जे ऐकवलं ते बरोबरच होतं.

दुसरा फोन पिवळट पांढरा, तोही आयटीआयचा, मामांच्या घरून आणला. मामा म्हणतात तो पांढराशुभ्र होता, पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात, पंचेचाळीस डिग्रीत, प्लास्टिकनं तीस-पस्तीस वर्षं काढल्यावर ते केळासारखंच पिकणार. त्याची चकती आळशी. २४ लावलं की कधी २३ वाजायचा, कधी भलताच कुणीतरी. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड केला, ० लावून, आणि लहरी मोजल्या तर दहा झटक्यांना जवळपास दीड सेकंद, पाहिजे एकच. आत एक छोटा गव्हर्नर असतो, फिरणारी वजनं, ती वेग सांभाळतात, तिथलं ग्रीस वाळून गूळ झालं होतं. स्पिरिटनं धुतलं, शिलाई मशीनच्या तेलाचा सुईच्या टोकानं एक थेंब दिला. एकच. भाच्यानं मला न विचारता आणखी एक दिला आणि मग परत सगळं धुतलं.

आवाज बारीक येत असेल तर आधी बाकी काही करू नका, रिसिव्हर तळहातावर दोनदा आपटा. बोलायच्या बाजूला कोळशाचे कण भरलेली डबी असते, आपल्या आवाजानं ते कण दाबले-सुटले जातात आणि त्यानं करंट कमी-जास्त होतो. वर्षानुवर्षं पडून ते कण एकमेकांना चिकटतात. आठवा, जुने लोक बोलता बोलता फोन आपटायचे ते काय उगाच? नाना अजूनही उचलला की आधी एकदा आपटतात, मग "हॅलोऽऽ" असं ओरडतात की मला फोन लागतच नाही, थेट ऐकू येतं. मुंबईला कापसाचा भाव विचारायला ट्रंक बुक करून तासन्‌तास बसायचं, लाइन लागली की तीन मिनिटांत सगळं ओरडून घ्यायचं, ती सवय. अर्जंट आणि लाइटनिंग म्हणजे घाईचे ट्रंक कॉल, आणि पी.पी., हे शब्द त्यांच्या तोंडून ऐकताना भाच्याला वाटतं आजोबा कुठल्यातरी गेमबद्दल बोलतायत. लग्नपत्रिकेवर नंबराच्या पुढं पी.पी. छापायचे ते त्याला समजावून सांगायला मला पंधरा मिनिटं लागली, दुसऱ्याच्या घरचा फोन आपला म्हणून छापायचा आणि त्यांनी तुम्हाला बोलवून आणायचं, हे त्याला पटतच नाही.

त्याला दुसरी एक गोष्ट मात्र भलतीच आवडली. चकतीच्या भोकात छोटं कुलूप घालून फोन बंद करून ठेवायचे ना दुकानदार, नोकरांनी बाहेर फोन करू नये म्हणून? तेव्हा आम्ही काय करायचो, क्रेडल ठोकायचो. चकती तरी काय करते, लाइन तोडते-जोडते, तेच बोटानं केलं की झालं. दोनदा टक-टक, थांबा, चारदा टक-टक-टक-टक, की माडीवरचा वाजला. पहिले दोन दिवस त्याला जमेना, मग जमलं, आता तो चकतीला हातच लावत नाही.

२७ नंबरची वेगळी कहाणी. भुसावळला भंगारात एक हँडलवाला फोन मिळाला, रेल्वेतला असावा, लाकडी पेटी, बाजूला फिरवायचा दांडा. दिसायला इतका देखणा की मी भाव न करता घेतला. पण हा वेगळ्या जातीचा. यात बोलायला स्वतःचे सेल लागतात आणि दांडा फिरवला की आतल्या चुंबकांचा जनरेटर सत्तर-ऐंशी व्होल्ट बाहेर फेकतो, पलीकडची घंटी वाजवायला. म्हणजे एक्स्चेंज यानं स्वतःच्या पोटातच बाळगलंय. हे मला माहीत होतं. माहीत असूनही मी तो 'नुसता बघू' म्हणून २७ ला जोडला आणि घरी आलेल्या मेव्हण्यांनी कौतुकानं दांडा फिरवला. डब्यातून बारीक ठप्प असा आवाज आला. आता २७ नाही. बाकीचे सात वाचले हे नशीब. पेटी हॉलमध्ये आहे, शोपीस. बायको त्याकडं बघून काही बोलत नाही, नुसती बघते.

ज्याला हे करायचंय त्यानं एक बटणांचा फोनपण ठेवा, कितीही नको वाटला तरी. डब्याची सेटिंग करायला स्टार आणि हॅश लागतं आणि चकतीवर ते नाहीच. आमच्याकडं २३ ला लाल बटणांचा आहे तो त्याचसाठी. बाहेरच्या लाइनच्या जागी फायबर मोडेमची वायर दिलीय, बाहेरून फोन आला की आधी २२ वाजतो, नानांकडं, ते उचलून ओरडतात आणि मग ज्याचा असेल त्याला देतात. बाहेर फोन लावायचा तर ० लावायचा. माझ्या डब्यात आतला पल्स बाहेर टोन करून द्यायची सोय निघाली, त्यामुळं चकतीवरून मोबाइल लागतो. पहिला फोन मी स्वतःच्याच मोबाइलला केला, हातात धरून. नंतर नानांनी नाशिकला आत्याला लावला, सगळे आकडे, एकेक चकती शांतपणे परत येईपर्यंत थांबत. आत्यानं उचलला तर पहिलं वाक्य, "इतका का ओरडतोस, नाना?"

लाइट गेली की मात्र सगळं गप्प. नाना म्हणतात आमच्या वेळी लाइट गेली तरी फोन चालू असायचा, आणि ते खरंय, कारण करंट एक्स्चेंजमधून यायचा आणि तिथं बॅटऱ्यांची खोलीच असायची. लोडशेडिंगच्या काळात आठ-आठ तास घरात अंधार, पण फोन उचलला की डायलटोन हजर. आमच्या एक्स्चेंजलाही मग बॅटरी दिली, म्हणजे इन्व्हर्टरवर घेतलं, डबा खातोच किती, पंख्यापेक्षाही कमी. ऐंशीच्या दशकात सी-डॉट या सरकारी टेलिकॉम संशोधन संस्थेनं खेड्यांसाठी जे छोटं एक्स्चेंज बनवलं, १२८ लायनींचं, १९८६ ला पहिलं कर्नाटकात कित्तूरला बसलं, त्याचं कौतुक हेच होतं की एअर कंडिशनर नको, उन्हात धुळीत चालतं. खेड्याला १२८ आणि आमच्या घराला आठ, सात म्हणा.

डिसेंबरात खळ्यावर भरिताची पार्टी केली तेव्हा २६ चा खरा उपयोग झाला. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजतायत, पंधरा-वीस माणसं, आणि लिंबाला टांगलेला फोन वाजतोय. घरातून माय विचारतेय कळण्याच्या भाकरी किती थापू. साखर कारखान्यात नोकरी करून रिटायर झालेले एक काका तिथं होते, त्यांनी फोन उचलला, ठेवला, परत उचलला, नुसता डायलटोन ऐकत उभे राहिले. म्हणे हा आवाज किती दिवसांनी ऐकला. मग त्यांनी भरितापेक्षा जास्त वेळ फोनपाशीच काढला, कुणालाही २२ लावायचे आणि नानांशी काहीतरी बोलायचे.

आणि २८. आमच्या वाड्याची वाटणी आजोबांच्या वेळीच झालेली, मधे भिंत, पलीकडं काकू राहते. ती आणि माय रोज सकाळ-संध्याकाळ भिंतीवरून बोलतात, म्हणजे दोघी आपापल्या बाजूनं ओरडतात, भिंत दोघींपेक्षा उंच आहे. काकूनं आमच्याकडचा फोन बघितला आणि काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मायनं सांगितलं, "तठे बी एक लाव." मी म्हटलं माय, दोघींना दहा फुटावर बोलायला फोन कशाला. ती म्हणाली, तुले का करनं शे? मग भिंतीतून भोक पाडून वायर टाकली आणि काकूला २८ दिला, तिच्यासाठी एक हिरवा चकतीचा फोन शोधून आणला.

ही चूक होती.

डब्याला फोन आठ असले तरी आत एका वेळी दोनच जोड्या बोलू शकतात, तिसऱ्या जोडीला एंगेज. सगळ्याच एक्स्चेंजांचं असंच असतं, सगळे गाव एकदम बोलणार नाही हे धरूनच ती बनवतात. पण माझ्या हिशोबात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, नव्हती. आखाजी जवळ आलीय, माहेरवाशिणी यायच्यात, सांजोऱ्या किती, मांडे कोण करणार, खापर कुणाचं, सकाळपासून २१ आणि २८ जोडलेले. दुसऱ्या जोडीवर नाना आणि ओट्यावर बसलेले त्यांचे मित्र, तीन मीटरवरून.

आज दुपारी भूक लागली म्हणून माडीवरून २१ लावला. एंगेज. पाच मिनिटांनी परत लावला, एंगेज. शेवटी जिना उतरून खाली गेलो तर माय स्टुलावर बसलेली, रिसिव्हर खांद्यात धरलेला, दोन्ही हातांनी कैऱ्या चिरतेय. मला बघून तिनं हातातल्या सुरीनंच ताटाकडं खूण केली, आणि फोनमध्ये म्हणाली, "काही नही वं, पोऱ्या उना शे जेवाले. तू बोल."